सगळे समाधानी आहेत

दुपारी जेवून शकू कासारे आपल्या खोलीत आली, दार लोटलं आणि सवयीने हात वर गेला तेव्हा कडी तिथे नव्हती. बोटं नुसत्या फळीवरून फिरली. कडीच्या जागी चार भोकं होती, ती बुजवायला पांढरी लांबी भरलेली होती, आणि ती अजून ओली असल्यामुळे तिचं बोट त्यात जरासं रुतलं. तिने दार परत उघडून बाहेर पाहिलं. शेजारच्या दाराशी सुतार पेचकस घेऊन बसला होता. त्याच्या फडक्यावर काढलेल्या कड्यांचा ढीग होता. "आतल्या सगळ्या कड्या काढायच्यात बाई," तो तिच्याकडे न बघता म्हणाला. "शेटनी सांगितलंय. कोण आतमध्ये पडलंबिडलं तर दार फोडायला नको." शकूने मान हलवली आणि दार पुन्हा लोटून घेतलं. ते पूर्ण मिटलं नाही. फटीतून पॅसेजचा उजेड उभ्या रेघेसारखा आत आला आणि तिच्या पलंगावर पडून राहिला.

कारण बरोबर होतं. प्रभाकरशेठच्या प्रत्येक गोष्टीचं कारण बरोबर असायचं, म्हणून तर त्याच्याशी भांडता येत नसे. तिने पलंगावर बसून त्या दाराकडे बघत कितीतरी वेळ भांडणासाठी शब्द शोधले आणि एकही सापडला नाही. कडी म्हणजे काय, बोटभर लोखंड. पण लग्नानंतर कल्याणला ती दिराच्या बिऱ्हाडात राहिली तिथे खोलीला दार नव्हतं, पडदा होता. नवरा, कुंडलिक, गेला तेव्हा ती त्या पडद्याआड रडली आणि पडद्याबाहेर जाऊबाई तांदूळ निवडत तिचं रडणं ऐकत होती. मग टेलिफोन एक्स्चेंजची नोकरी. आयुष्यभर कानाला यंत्र लावून ती इतरांना एकमेकांशी जोडून देत राहिली. ट्रंक कॉलवर माणसं मरणाच्या बातम्या सांगायची, पैसे मागायची, गप्प बसायची, आणि मध्ये शकू असायची, त्यांना न दिसणारी. पुढे मुलाला, सुधीरला, वर्तकनगरला कॉलनीत जागा मिळाली. सून वाईट नव्हती. पण शकूची वळकटी पॅसेजमध्ये असायची आणि संडासला जाणारं प्रत्येक माणूस तिला ओलांडून जायचं. एक दिवस तिने सुधीरला सांगितलं, मी ठाकुर्लीला अण्णांच्या 'सोबत' वृद्धाश्रमात जाते, मला माझं दार पाहिजे. सुधीर म्हणाला, लोक काय म्हणतील. ती म्हणाली, लोकांना म्हणू दे, पेन्शन माझी आहे. इथे पहिल्या रात्री तिने आतून कडी लावली आणि तशीच दाराला पाठ टेकून उभी राहिली, तेव्हा खोलीतल्या दुसऱ्या खाटेवरून मालू हसली. म्हणाली, "आता या वयात कोण येणारे गं आपल्याला पळवायला."

मालूला पळवलं. त्याला दुसरा शब्द नव्हता.

त्र्यंबक अण्णा होते तोवर 'सोबत' ही काही फार सुखाची जागा नव्हती, हे शकू स्वतःशी कबूल करायची. भिंतींना ओल यायची, आमटीत पाणी जास्त असायचं, बंद पडलेल्या पॉवरहाऊसच्या बाजूने उंदीर यायचे. अण्णा निवृत्त मास्तर. कल्याणच्या घाऊक बाजारात पिशवी घेऊन फिरायचे आणि कोणी कांदे द्यायचा, कोणी जुने पंखे. ज्याला जमेल त्याने महिन्याला काही द्यावं, नाही जमलं तर नाही. कोण देतो आणि कोण देत नाही हे फक्त अण्णांना माहीत होतं. जेवायला सगळे एकाच ओळीत बसत आणि भाजी कुठली करायची यावरून मोठमोठी भांडणं होत, आणि भांडणात मालूचा आवाज सगळ्यांच्या वर असे. मालू एक पैसा देत नव्हती हे शकूला फार उशिरा कळलं. ती बालवाडीची बाई होती, तिला कोणी नव्हतं. शकूने भिंतीवर बुद्धाची तसबीर लावली तेव्हा खिळा मालूनेच ठोकला आणि म्हणाली, याच्याकडे बघून तरी तुझा राग कमी होतो का बघू. राग कमी होण्याइतका तेव्हा नव्हताच. पलंगावर बसून शकूला आता वाटलं की तेव्हा आपल्याला जे बरं वाटायचं ते जेवणामुळे नव्हतं, भिंतींमुळे नव्हतं. जागा कोणाचीच नव्हती, म्हणून ती आपली होती.

अण्णा गेले. ट्रस्टवरचे बाकीचे म्हातारे इमारतीच्या दुरुस्तीने घाबरले आणि त्यांनी ती प्रभाकरशेठला चालवायला दिली. तो ठाण्याच्या खाडीकाठच्या कोळीवाड्यातला, वडिलोपार्जित जागेवर इमारती बांधून मोठा झालेला. नम्र माणूस. बायकांना मावशी म्हणायचा, पुरुषांना काका, आणि बोलताना चप्पल दाराबाहेर काढायचा. त्याने ट्रस्ट नावाला ठेवला, कारण देणग्या ट्रस्टलाच मिळतात, आणि खोल्यांचं भाडं स्वतःच्या कंपनीकडे वळवलं. फरशा बदलल्या. टीव्ही आला. गुरुवारी डॉक्टर यायला लागला. जेवण पहिल्यापेक्षा चांगलं झालं, इतकं की भांडायला जागा उरली नाही. भाजी कुठली हे फळ्यावर आधीच लिहिलेलं असायचं. जे पूर्ण भाडं देऊ शकत होते ते वरच्या मजल्यावर किंवा पुढच्या खोल्यांत गेले. जे देऊ शकत नव्हते ते मागच्या हॉलमध्ये, त्यांत मालूही. आणि मग एका सकाळी शकू कल्याणला पेन्शनच्या कामाला गेलेली असताना मागच्या हॉलमधली माणसं मॅटॅडोरमध्ये बसवून शहापूरच्या पुढच्या कुठल्याशा आश्रमात पाठवली. ती परत आली तेव्हा हॉल धुतलेला होता. ओल्या फरशीवर फिनेलचा वास होता आणि मालूची खाट भिंतीला उभी करून ठेवलेली होती. प्रभाकरशेठ म्हणाला, "तिकडे हवा चांगली आहे, मावशी. त्यांची जास्त काळजी घेतली जाईल." पावसाळा संपता संपता मॅटॅडोरचा ड्रायव्हर गुणाजी तिला फाटकाशी हळूच म्हणाला, "मालूबाई गेल्या. ताप आलेला. तिकडे डॉक्टर नव्हता." शकूने विचारलं, शेटना माहीत आहे का. तो म्हणाला, "मीच सांगितलं त्यांना."

त्यानंतर प्रभाकरशेठ भेटला की शकू त्याच्या तोंडाकडे बघत बसायची. त्यावर काहीच नसायचं. देणगीदार यायचे, त्यांना तो इमारत दाखवायचा, आणि टीव्हीसमोर बसलेल्या माणसांकडे हात करून म्हणायचा, "विचारा यांना. सगळे समाधानी आहेत." देणगीदार बाई वाकून शकूला विचारायची, बरं आहे ना सगळं आजी. आणि शकू म्हणायची, हो. तिला स्वतःच्या त्या 'हो'ची किळस यायची. तो शब्द तोंडात राहायचा, पानाचा चोथा राहतो तसा. पेन्शन होती म्हणून ती इथे होती, आणि नाही म्हटलं तर कुठे जायचं, वर्तकनगरच्या पॅसेजमध्ये. म्हणजे आपल्या 'हो'चं भाडं आपणच भरतो, असं तिच्या मनात यायचं. मालू असती तर नाही म्हणाली असती. म्हणून मालू नव्हती.

आणि आता कडी. त्या दुपारी फटीतून येणाऱ्या उजेडाच्या रेघेकडे बघता बघता शकूला आतून एकदम थंड आणि स्वच्छ वाटलं. एक्स्चेंजमध्ये रात्रपाळीला गोंधळात अचानक लाइन साफ व्हायची आणि पलीकडच्या माणसाचा श्वासही ऐकू यायचा, तसं. या माणसाला दुखलं पाहिजे, असं तिने स्वतःला स्पष्ट सांगितलं. फक्त त्याला कुठे दुखतं हे शोधायचं होतं.

ते त्यानेच आणून दिलं. दिवाळीनंतर त्याने आपल्या आईला वरच्या कोपऱ्यातल्या खोलीत आणून ठेवलं. सगुणाबाई. ठेंगणी, काळीसावळी, कपाळावर गोंदलेलं, कासोट्याचं लुगडं, आणि आवाज एवढा मोठा की बाजारात बसून आयुष्य गेलं हे सांगावं लागत नव्हतं. घोडबंदरच्या नव्या फ्लॅटमध्ये सुनेला सुक्या मासळीचा वास चालत नव्हता हे एक, आणि दुसरं म्हणजे आता देणगीदारांना ऐकवायला प्रभाकरशेठकडे वाक्य झालं होतं: माझी स्वतःची आई इथे राहते. तो तिला खुर्चीत बसवायचा, बाजूला उभा राहायचा, फोटोग्राफर फोटो काढायचा. सगुणाबाई प्रत्येक फोटोला डोक्यावरचा पदर सारखा करायची. तिला अभिमान होता. शकू खालून हे बघत होती. तिला दिसलं की फोटो काढून झाला की तो वाकून आईच्या पायाला हात लावतो, आणि त्या वेळी कोणी बघत आहे की नाही इकडे त्याचं लक्ष नसतं. तेवढी एक गोष्ट त्याची खरी होती. शकूला बरं वाटलं.

दुपारी ती वर जायला लागली. सगुणाबाईला बोलायला माणूस हवंच होतं. ती चोरून सुक्या जवळ्याची चटणी ठेवायची, ती शकूच्या हातावर घालायची, आणि खाडीच्या गोष्टी सांगायची. तिचा नवरा दामाजी होडीवरून उतरताना चिखलात घसरून कमरेतून गेला, मग किती वर्षं खाटेवर होता. "मीच करत होते त्याचं सगलं," ती म्हणाली. "शेजारची येऊन बसायची, म्हनून निभलं. एकटीच्यानं नाय होत बाय. मरताना मना बोलला, ज्याला कोन नाय त्याच्यासाठी कायतरी कर. मंग जागा इकली तवा मी प्रभाकरला सांगितलं, बापसाच्या नावानं घर बांध. फुकटचं घर. कोनाला परत धाडायचा नाय." मागच्या हॉलच्या जागी नवी इमारत उठत होती. तिला दामाजी सदन नाव देणार होते. सगुणाबाई खिडकीतून तिच्याकडे बोट दाखवायची. शकूने चटणी चाटली. घाई नव्हती.

तिने मालू थोडी थोडी सांगायला सुरुवात केली. एक दिवस मालूचं हसणं, एक दिवस खिळा ठोकला तो, एक दिवस मालू वांग्यावरून अण्णांशी भांडली ते. सगुणाबाई पोट धरून हसली. तिला मालू आवडली. "कुटं हाय ती आता," तिने विचारलं, आणि शकू म्हणाली, "नंतर सांगते." एक्स्चेंजमध्ये कमावलेला तिचा आवाज अजून तसाच होता, मऊ, खाली, ऐकणाऱ्याला जवळ ओढणारा. नंतर तिने मॅटॅडोर सांगितली. धुतलेला हॉल सांगितला. पैसे देऊ न शकणाऱ्यांना कुठे पाठवलं ते सांगितलं. तुमच्या मुलाने, असं ती एकदाही म्हणाली नाही. फक्त जे झालं ते सांगत गेली, आणि सगुणाबाईचा चेहरा दिवसागणिक कसा आत ओढला जातो ते बघत राहिली. बघताना तिला सुख होत होतं. रात्री झोपताना ती ते पुन्हा आठवायची, आणि उघड्या दाराकडे पाठ करून शांत झोपायची.

मालू मेली, एवढं एकच तिने सांगितलं नाही. मेलेल्या माणसासाठी म्हातारी रडली असती, माळ घातली असती आणि संपलं असतं. जिवंत मालू परत मागता येत होती.

"मना खरं सांग," सगुणाबाई एकदा तिचं मनगट धरून म्हणाली. "तुज्या मालूला माज्या पोऱ्यानं घालवली?"

"मी काही म्हणत नाही, सगुणाबाई. तुम्ही त्यालाच विचारा."

"नाय. त्याला घरात विचारला तं गोड बोलून माजा तोंड गप करील. माजा पोऱ्या हाय, मना ठाव हाय."

शकूने मान खाली घातली, कारण तिला हसू येत होतं.

दामाजी सदनाच्या उद्घाटनाला मांडव घातला होता. मुंबईचे देणगीदार होते, परदेशातून आलेलं एक जोडपं इमारतीला लिफ्ट देणार होतं, स्थानिक वर्तमानपत्राचा माणूस होता. पुढच्या ओळीत धुतलेले कपडे घालून बसवलेले म्हातारे होते आणि त्यांत शकू. प्रभाकरशेठ छान बोलला. शेवटी म्हणाला, इथल्या माणसांना विचारा, माझ्या आईला विचारा, आणि माइक तिच्यापुढे धरला. कात्री तबकात होती. सगुणाबाईने ती उचलली नाही. तिने माइक दोन्ही हातांनी धरला, जणू तो मासा होता आणि निसटला असता.

"ह्ये माज्या दादल्याच्या नावाचं घर हाय," ती म्हणाली. आवाज मांडवाबाहेर रस्त्यापर्यंत गेला. "हितं मालू नावाची बाई रहात होती. तिच्याकडं पैसं नव्हतं म्हनून तिला गाडीत घालून धाडली. आनखी बी धाडली. त्यांना आनल्याबिगर मी ही फीत कापनार नाय. आनि अन्न खानार नाय."

शकूने मान वर केली आणि प्रभाकरशेठच्या तोंडाकडे बघितलं. त्यावर पहिल्यांदाच काहीतरी होतं. ओठ हलत होते आणि शब्द येत नव्हते. परदेशी बाई नवऱ्याला इंग्रजीत काहीतरी विचारत होती, वर्तमानपत्राचा माणूस लिहीत होता. शकूने ते सगळं डोळ्यांत भरून घेतलं, हळू हळू, घोट घोट. मालू, बघ, असं ती मनात म्हणाली. पण मनात मालूचा चेहरा आला नाही. प्रभाकरशेठचाच आला.

तिसऱ्या दिवशी तो शकूच्या खोलीत आला. चप्पल बाहेर काढली, आत येऊन उभा राहिला. दाढी वाढली होती. सगुणाबाईने खरोखरच पाण्याशिवाय काही घेतलं नव्हतं. "मालूबाई वारल्या," तो म्हणाला. "तुम्हाला माहीत आहे. मी आईला सांगितलं, ती म्हणते तू खोटं बोलतोस. माझ्यावर विश्वास नाही तिचा आता. तुमच्यावर आहे. तुम्ही सांगा."

"बाकीच्यांना आणा आधी."

"आणतो, मावशी. गुणाजीला उद्याच पाठवतो. नव्या इमारतीत ठेवतो, फुकट. पण तिला आज काहीतरी खायला लागेल. तिला शुगर आहे. मी हात जोडतो."

त्याने खरंच जोडले. शकूला वाटलं होतं की हा क्षण आला की आपल्याला पुरेल. तो पुरला नाही. तिला आणखी हवं होतं. "उद्या," ती म्हणाली. "माणसं आली की सांगेन."

दुसऱ्या दिवशी मॅटॅडोर फाटकातून आत आली तेव्हा सगुणाबाई खाली येऊन उभी होती. तिने आदल्या संध्याकाळीच स्वतःच्या खोलीत दुसरी खाट लावून घेतली होती, तिच्यावर आपली गोधडी घातली होती. उभं राहवत नव्हतं म्हणून एका हाताने तिने खांब धरला होता. गुणाजी एकेकाला हात देऊन उतरवत होता. म्हाताऱ्या बाया वाळून गेल्या होत्या, उन्हाने डोळे मिटून घेत होत्या. सगुणाबाई पहिलीजवळ गेली. तिच्या दंडाला हात लावून म्हणाली, "तू मालू?" ती नाही म्हणाली. दुसरीला विचारलं. तिसरी बहिरी होती, तिला दोनदा विचारावं लागलं. प्रत्येकीपुढे ती तोंडभर हसून उभी राहत होती आणि हसू तसंच ठेवून पुढच्या बाईकडे वळत होती. मग दोन म्हातारे उतरले. मग गाडी रिकामी झाली. सगुणाबाईने वाकून आत पाहिलं, सीटच्या खालीसुद्धा.

प्रभाकरशेठ शकूकडे बघत होता. शकू पुढे झाली. "सगुणाबाई," ती म्हणाली, आणि तिला ऐकू आलं की आपला तो मऊ आवाज येत नाही आहे, कोणीतरी दुसरंच बोलतंय. "मालू गेली. मागच्या पावसाळ्यात."

"तुना कवा कललं?"

"तेव्हाच."

सगुणाबाईने तिच्याकडे पाहिलं. रागाने नाही. बाजारात मासा हातात घेऊन कल्ला उघडून बघतात तसं. "माजा पोऱ्या मना खुर्चीत बसवून फोटो काढतो," ती म्हणाली. "तू फोटो नाय काढलास. येवडंच." मग ती आलेल्या बायांकडे वळली आणि त्यांना विचारायला लागली की वाटेत काही खाल्लं का.

त्या दिवशी ती त्यांच्याबरोबर जेवली. फीत तिने कापली नाही. ती कोणीतरी सोडून गुंडाळून ठेवली. आलेली माणसं नव्या इमारतीत राहिली, आणि प्रभाकरशेठने शब्द फिरवला नाही, कारण आता वर्तमानपत्राचा माणूस अधूनमधून फेरी मारायचा. लिफ्ट मात्र आली नाही. परदेशी जोडप्याने पैसे दुसरीकडे दिले. शकूला हे सगळं हवं होतं आणि हे सगळं झालं, आणि ती कोणाला भेटली की तिला शाबासकी मिळायची. ती वर गेली नाही. वरून तिला कोणी बोलावलंही नाही.

चार-आठ दिवसांनी सकाळी सगुणाबाई निघाली. कोळीवाड्यात नणंदेकडे, तिथे तिला कोणी चटणी लपवायला लावणार नव्हतं. मुलाची गाडी उभी होती तरी तिने रिक्षा बोलावली. गुणाजीने ट्रंक रिक्षात ठेवली. नव्या इमारतीतल्या बाया फाटकापर्यंत आल्या, तिने प्रत्येकीच्या तोंडावरून हात फिरवला. प्रभाकरशेठ पाया पडायला वाकला तेव्हा तिने पाय आत ओढून घेतले आणि रिक्षावाल्याला म्हणाली, चल. रिक्षा चोळे गावाच्या रस्त्याला लागली.

शकू व्हरांड्यात उभी होती. प्रभाकरशेठ फाटकाशी तसाच, अर्धवट वाकलेला राहिला, मग हळूहळू सरळ झाला. वळला तेव्हा त्याला ती दिसली. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. त्याचे डोळे लाल होते आणि चेहरा एकदम म्हातारा दिसत होता, मागे राहिलेल्या माणसाचा दिसतो तसा. शकूला तो चेहरा ओळखीचा होता. तिला त्याची दया आली नाही. तिला ते आवडलं, अगदी खोलवर, गोड लागावं तसं आवडलं. ती ते आवडणं धरून व्हरांड्यात उभी राहिली. ऊन वर आलं, सगळे आत गेले, आतून टीव्हीचा आवाज यायला लागला, तरी ती उभीच होती. आत गेल्यावर हे कोणाला सांगायचं, तेवढं तिला सुचत नव्हतं.